वर्ण, बलुतें आणि अंक : एका व्यवसायकोशाचें परीक्षण

केंद्र सरकारच्या श्रम व रोजगार मंत्रालयाचा 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, 2015' हा ग्रंथ वस्तुतः एक कोशच होय. 1958, 1968 व 2004 या सालच्या आवृत्त्यांनंतरच्या या आवृत्तींत सुमारे 3600 व्यवसाय आठ आंकडी संकेतांनीं नोंदिले आहेत. त्यांपैकीं पहिले चार आंकडे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणास अनुसरून आहेत : लोहार 7221, कुंभार 7314, केशकर्तन करणारा 5141.

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांनीं हा ग्रंथ अवश्य पाहावा. कारण यामुळें पूर्वीच्या याद्यांचें स्वरूप स्पष्ट होतें. 'अमरकोशा'च्या द्वितीय कांडांत कुलाल, तंतुवाय, नापित हे शूद्रवर्गांत येतात. तेथें विभागाचें तत्त्व वर्ण हें आहे. बलुत्यांच्या याद्या स्थलपरत्वें भिन्न असल्या, तरी सुतार-लोहार थोरल्या ओळींत व कुंभार-न्हावी मधल्या ओळींत, हा क्रम परिचित आहे. तेथें तत्त्व खळ्यावरील वांट्याचें. प्रस्तुत कोशांत प्रत्यक्ष काम व त्यास लागणारें कौशल्य हेंच तत्त्व असून, जात व वतन यांस स्थान नाहीं.

म्हणून महजरांतील 'सुतार' या शब्दापुढें एकदम 7115 हा अंक मांडणें सयुक्तिक होणार नाहीं. तो शब्द धंद्याचा, जातीचा कीं हक्काचा, हें प्रकरणावरूनच ठरविलें पाहिजे. वतनाचा वांटा घेणारा प्रत्येकजण रंधा धरीत असेलच असें नाहीं.

गुणाबरोबर दोषहि सांगणें प्राप्त आहे. कौशल्याच्या चार पायऱ्या ठरवितांना मुख्यतः शिक्षणाचीं वर्षें मोजलीं आहेत : पहिली दहा वर्षांपर्यंत, दुसरी अकरा ते तेरा. कारागिरांचा सातवा विभाग दुसऱ्या पायरीवर बसविला आहे. परंतु साखऱ्यासारख्या गांवीं बापाच्या चाकाशीं बसून शिकलेल्या कुंभाराचें कसब शाळेच्या वर्षांनीं कसें मोजावें? जन्माचें माप टाकून दाखल्याचें माप घेणें ही सुधारणा खरी, पण अपुरी. रोजगाराची नोंदणी, प्रशिक्षण व श्रमिकांची पाहणी यांत हेच अंक चालतात. अंक चुकला, कीं माणूस हिशेबांत भलत्या जागीं पडतो.

दफ्तरांची सूची करणारांस आमची सूचना इतकीच, कीं मूळ शब्द जसाच्या तसा उतरावा, त्यापुढें त्याचा अर्थ धंदा, जात वा वतन यांपैकीं कोणता तें लिहावें, आणि धंदा निश्चित झाल्यावरच अंक द्यावा. तिन्ही रकाने एकांत एक मिसळूं देऊं नयेत.