काळा पडदा आणि एका शब्दाचा तोडगा

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या लॅपटॉपांवर पुढची आवृत्ती चालत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा सरळ मार्ग उरतो. पण लिनक्स बसवायला घ्यावे, सुरुवातीची यादी दिसावी, पर्याय निवडावा आणि पडदा काळा पडावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यावरच्या मार्गदर्शनात बहुधा एकच तोडगा सांगितलेला असतो: 'नोमोडसेट' हा शब्द लिहा. तोडगा अनेकदा लागू पडतो. आमचा आक्षेप त्याला नाही. तो न समजता वापरायला लावण्याला आहे.

हा शब्द नेमके काय करतो? पडद्यावर किती ठिपके आणि कोणत्या गतीने उमटवायचे हे ठरवण्याचे काम पूर्वी चित्र दाखवणारा वेगळा कार्यक्रम करी. २००९ साली आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून ते काम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतःकडे घेऊ लागला. चित्र-चिप आणि तिचा चालक यांचे इथे जमले नाही, तर पडदा काळा होतो. नोमोडसेट म्हणजे 'या भानगडीत पडू नकोस' अशी कर्नलला आज्ञा. मग यंत्र चालू होताना मिळालेल्या साध्या चित्रावरच काम भागवले जाते. पडदा दिसतो, पण ठिपके कमी असतात, चित्रफितीचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि पुष्कळदा प्रकाश कमीजास्त करता येत नाही. म्हणजे ही कुबडी आहे, उपचार नव्हे. कुबडी घेऊन प्रणाली बसवावी, मग योग्य चालक शोधावा आणि कुबडी टाकावी. हे दुसरे अर्धे वाक्यच बहुतेक टिपणांत गळलेले असते, आणि 'लिनक्सवर लॅपटॉप रडतखडत चालतो' हा ग्रह तिथून पसरतो.

दुसरा दोष याहून मोठा आहे. काळा पडदा हे लक्षण आहे, रोग नव्हे. प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जागा आहे. फक्त चित्र हरवले आहे. मग खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकस विजेरी मारावी. एलसीडी पडदा स्वतः प्रकाशत नाही, त्याला मागून उजेड लागतो. अंधुक अक्षरे दिसली, तर चित्र तयार आहे, मागचा उजेडच गेला आहे. तिथे 'एसीपीआय_बॅकलाइट' ही वेगळी सूचना तपासावी लागते.

काहीच दिसले नाही, तर ग्रबच्या यादीत इंग्रजी 'ई'ची कळ दाबावी. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वायट' व 'स्प्लॅश' हे शब्द पुसून एफ-१० दाबावे. आता सुंदर बोधचिन्हाऐवजी एकेक टप्प्याचे संदेश धावू लागतात आणि गाडी कुठे अडली ते शेवटच्या ओळींवरून कळू शकते. नवख्याला घाबरवू नये म्हणून हे संदेश झाकले जातात. पण अडचणीच्या वेळी त्याच्यापासून पुरावाच लपतो, हे योजकांच्या ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते. ग्रबच्या यादीतला हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे विद्यार्थ्यांनी बेलाशक करून पाहावा.

सारा दोष लिनक्सच्या माथी मारणेही अन्यायाचे ठरेल. एनव्हिडियाच्या चिपांसाठीचा 'नूवो' हा मुक्त चालक स्वयंसेवकांना चिपांचे वर्तन निरखून, उलट दिशेने उकलत लिहावा लागला. कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या चालकाचा कर्नलमधला भाग खुला केला, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच चिपांना चालतो. जुन्या लॅपटॉपांना त्याचा उपयोग नाही.

वर्गात दिवा लागला नाही, तर आपण मुलांना सेल, तार, बल्ब असे एकेक तपासायला शिकवतो. संगणकापाशी मात्र आपणच मंत्र पुटपुटू लागलो, तर मुले मंत्रच शिकतील. म्हणून पुढच्या वेळी पडदा काळा पडला, तर नोमोडसेट सांगण्यापूर्वी एका विद्यार्थ्याच्या हाती विजेरी द्यावी आणि विचारावे, 'काय दिसते?'