सीटन यांच्या दोन कथांतील आमिष

अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांच्या प्राणिकथांची चिकित्सा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे : त्या खऱ्या की कल्पित? जॉन बरोज यांनी १९०३ साली ‘अटलांटिक मंथली’त त्यांच्यावर खोट्या निसर्गेतिहासाचा आरोप केला आणि चर्चेची दिशा ठरून गेली. परिणामी, या कथांच्या रचनेत आमिषाला असलेले स्थान उपेक्षित राहिले.

‘आमिष’ म्हणजे मुळात मांस. ‘निरामिष’ या शब्दात तो अर्थ आजही टिकून आहे. प्रलोभन हा अर्थ त्याचाच विस्तार होय. न्यू मेक्सिकोतील लांडग्याच्या ‘लोबो’ (१८९८) या कथेत नेमका हाच प्रवास घडतो. शिकारी चीज आणि कालवडीची चरबी एकत्र शिजवतो, धातूचा वास लागू नये म्हणून हाडाच्या सुरीने तुकडे करतो, रक्तात भिजवलेले हातमोजे घालतो आणि आत विष भरतो. लोबो ते तुकडे एकत्र करून त्यांवर घाण करतो. पुढे त्याची मादी ब्लांका मारली जाते. तिचे शव सापळ्यांवरून ओढत नेले जाते आणि लोबो सापडतो. मांसाने जे साधले नाही, ते प्रीतीने साधते.

‘टिटो’ (१९०१) ही कोयोटची, म्हणजे लांडग्याहून लहान अशा उत्तर अमेरिकी श्वापदाची, कथा आहे. माणसाच्या अंगणात बांधलेली टिटो सापळा आणि विष ओळखण्यास शिकते आणि सुटल्यावर ते ज्ञान पिलांना देते. येथे आमिष हा धडा ठरतो. मात्र हे ज्ञानसंक्रमण प्रसंगांतून जेवढे प्रतीत व्हावे, तेवढे होत नाही. निवेदकाच्या ग्वाहीवरच ते अधिक विसंबते.

पुढील इतिहास टिटोच्या बाजूचा दिसतो. विसाव्या शतकात अमेरिकी शासनाने विषारी आमिषे मोठ्या प्रमाणावर वापरली. १९७२ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संघराज्याच्या भूमीवर त्यांना आळा घालण्यात आला. तरीही कोयोटचा प्रदेश वाढतच गेला. परंतु लांडग्यांचा संहार आणि जंगलतोड हीही त्याची कारणे होत. म्हणून इतिहासाने सीटन यांचा निष्कर्ष खरा ठरवला, उपपत्ती नव्हे.

वाङ्मयीन दृष्ट्या ‘लोबो’च श्रेष्ठ ठरते. ‘टिटो’त प्राणी वाचतो आणि वाचक निश्चिंत होतो, ‘लोबो’त आमिष यशस्वी होते आणि त्या यशाचा दोष निवेदकालाच वाहावा लागतो.