कर्नलचे स्थैर्य : एक विचार

विक्रेत्यांनी दुरुस्त केलेला लिनक्स-कर्नल मूळ कर्नलाहून स्थिर असतो, हे मत सर्वस्वी ग्राह्य नाही. रेड हॅटने २०१४ साली आपल्या सातव्या आवृत्तीसाठी ३.१० हा कर्नल स्वीकारला. मूळ प्रवाहात त्याची देखभाल २०१७ साली संपली. रेड हॅटने ती नियमितपणे जून २०२४ पर्यंत चालविली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मात्र त्या अवधीत नव्या कर्नलांतील कितीतरी सुधारणा त्याच जुन्या खोडावर कलम झाल्या. स्थिर राहिला तो क्रमांक, आणि बाहेरील ड्रायव्हरांना दिलेला निवडक जोडणीचा करार. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’साठी एक्स-विंडोत भारतीय लिपी आणल्या, तेथेही प्रश्न हाच : दुरुस्ती पुढे सांभाळावी कोणी? स्थैर्याची खरी कसोटी तीच होय.