प्रिसिजन की जॅझ? बेस गिटारच्या निवडीविषयी

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि जॅझ बेस १९६० मध्ये. दोन्हींच्या तारांची लांबी सारखीच, ३४ इंच. ‘प्रिसिजन रॉकसाठी, जॅझ जॅझसाठी’ हे सर्रास ऐकू येणारे वर्गीकरण मात्र नावावरून केलेले आहे, ध्वनीवरून नाही. रश या रॉक बँडच्या गेडी ली यांचा गाजलेला आवाज जॅझ बेसचाच आहे.

खरा फरक पिकअपमध्ये आहे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याचे संनादीही कंप पावतात. ब्रिजजवळ मूळ स्वराचे कंपन अगदी क्षीण असते. उच्च संनादी त्या मानाने ठळक राहतात. म्हणून जॅझ बेसच्या मागच्या पिकअपचा आवाज किनरा, काहीसा नाकातला येतो. जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या जॅझ बेसवर याच पिकअपला गायला लावले. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यास मधल्या काही कंप्रता एकमेकींना खोडतात. एकट्याने वाजवताना हा आवाज स्वच्छ, देखणा वाटतो. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की तो बारीक होतो. जॅझ बेसच्या ‘विविधते’चे कौतुक करणारे हे सांगत नाहीत.

प्रिसिजनमध्ये एकच पिकअप, १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेले. त्यांची वेटोळी आणि चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असल्याने विजेची घरघर रद्द होते. आपल्याकडे ही बाब महत्त्वाची आहे. ५० हर्ट्झचा पुरवठा ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरील जी स्वराला, म्हणजे ४९ हर्ट्झला, अगदी खेटून आहे, आणि कॉलेजच्या सभागृहातील अर्थिंगवर विसंबू नये. जॅझमध्ये दोन्ही व्हॉल्यूम समान असतील तेव्हाच ती घरघर मिटते. जेम्स जेमरसन यांनी मोटाऊनसाठी वाजवलेला प्रिसिजन ऐकावा: भरपूर स्वर, तरी गाण्याचा पाया हलत नाही.

माझ्या मते बँडमध्ये वाजवणाऱ्या नवशिक्याने प्रिसिजनच घ्यावा. अपवाद हाताचा. जॅझची मान नटपाशी सुमारे ३८ मिमी, प्रिसिजनची ४१ ते ४४ मिमी. लहान पंजाला हा फरक तासाभरात जाणवतो, आणि तेव्हा ध्वनीचा विचार बाजूला ठेवावा. १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे ठोसेबाज वाजतो, पण त्याला बॅटरी लागते.

दुकानात जॅझ बेस हाती आला तर एक व्हॉल्यूम पूर्ण बंद करून, तारांवर हात ठेवून ॲम्प्लिफायर ऐका.