‘जंतनिर्मूलन’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञेचे मूल्यमापन केवळ व्युत्पत्तीच्या शुद्धतेवरून होऊ नये. ती वापरणाऱ्यास कोणत्या कृतीकडे नेते, हेही पाहिले पाहिजे. अश्वपालनाच्या संदर्भात सर्रास योजली जाणारी ‘जंतनिर्मूलन’ ही संज्ञा या दुसऱ्या कसोटीस उतरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘जंत’ हे संस्कृत ‘जन्तु’चे तद्भव रूप होय. तत्सम ‘जंतू’ सूक्ष्म रोगकारकांकडे वळला आणि ‘जंत’ आतड्यातील कृमींपुरता उरला. हे अर्थविभाजन भाषेला उपकारकच ठरले. मात्र पोटात द्यावयाचे ‘जंतनाशक’ आणि फरशीवर शिंपडावयाचे ‘जंतुनाशक’ यांतील भेद एका उकारावर येऊन ठेपला. हा दोष वाचणाऱ्याच्या सावधपणाने टळू शकतो. ‘निर्मूलना’चा दोष तसा टळणारा नाही, कारण तो कल्पनेतच आहे.

देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. त्या विषाणूला माणसावाचून दुसरा आश्रय नव्हता, म्हणून तेथे हा शब्द सार्थ होता. घोड्याच्या जंतांची अंडी लिदीवाटे कुरणात पडतात, अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या घोड्याच्या पोटात पुन्हा जातात. अशा घोड्याच्या आतड्यात काही जंत असणे ही सामान्य स्थिती आहे. विकृती ठरते ती त्यांच्या अतिरेकाने.

१९६६ मध्ये ड्रज आणि लायन्स या अमेरिकन संशोधकांनी सर्व घोड्यांना दर दोन महिन्यांनी औषध देण्याची पद्धत सुचविली. आतड्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीस इजा करणारा मोठा स्ट्राँगाइल हे तिचे मुख्य लक्ष्य होते आणि तेथे तिला मोठे यश आले. परंतु सरसकट औषधातून जे जंत वाचले त्यांचीच प्रजा वाढली, आणि लहान स्ट्राँगाइल औषधांना दाद देईनासे झाले. म्हणून आज आधी लिदीतील अंडी मोजतात. एका ग्रॅममध्ये २०० पर्यंत अंडी असल्यास प्रमाण कमी, ५०० हून अधिक असल्यास जास्त मानतात. प्रौढ घोड्यांच्या कळपात साधारण पाचव्या हिश्शाचे घोडे सुमारे ८० टक्के अंडी टाकतात. वर्षातून एकदोनदा सर्वांना औषध देऊन त्यापुढील मात्रा याच घोड्यांना द्यावी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून औषधाचा गुण पारखावा, अशी आजची रीत आहे. इतरांच्या पोटातील व कुरणातील जंत औषधापासून अस्पर्शित राहतात. औषधाला बळी पडणारे बीज त्यांच्यामुळे टिकते. बीटी कापसासोबत बिगरबीटी बी पेरण्यामागे हेच तत्त्व आहे.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. आतड्याच्या अस्तरात दडलेल्या अळ्या अंडी घालीत नाहीत, अंड्यांच्या संख्येवरून जंतांची संख्या ठरत नाही, आणि शिंगरांना वेगळा नियम लागतो. ‘जंत पडले’ या आपल्या वाक्प्रचारात जे डोळ्यांना दिसले तेवढेच यश मानले जाते; दडलेल्या अळ्यांविषयी तो काहीच सांगत नाही.

आपल्या परंपरेची परिभाषा येथे अधिक विवेकी दिसते. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन असे तीन उपाय सांगितले आहेत : कृमी बाहेर काढणे, त्यांना पोषक स्थिती मोडणे आणि कारण टाळणे. अंडीगणना प्राचीनांना ठाऊक होती असा याचा अर्थ नव्हे. पण औषध हा अनेकांपैकी एक उपाय आहे, एवढे त्या त्रयीत स्पष्ट आहे. ‘निर्मूलना’त पहिलाच उपाय उरतो.

पुण्यात हा भेद प्रत्यक्ष महत्त्वाचा आहे. येथील रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो, आणि अळ्यांच्या वाढीस हीच उबदार, दमट हवा मानवते. ठाणबंद शर्यतीचा घोडा आणि पैदासकेंद्राच्या कुरणात शिंगरासह चरणारी घोडी यांना एकच वेळापत्रक लावणे शास्त्राला धरून नाही.

म्हणून एकूण व्यवहारास ‘जंतनियमन’, मोजणीस ‘अंडीगणना’ आणि अस्पर्शित जंतसमूहास ‘आश्रयसंख्या’ या संज्ञा सुचवाव्याशा वाटतात. ‘नियमन’ शब्दात ‘निर्मूलना’चा आवेश नाही, असा आक्षेप येईल. तो मान्य करूनही म्हणावे लागते की, आवेशाने औषधाची मात्रा वाढते, ज्ञान वाढत नाही. पागेतील मोतद्दार ‘डोस पाजला का?’ या प्रश्नाआधी ‘लीद तपासली का?’ असे विचारू लागला, तर या संज्ञांचे प्रयोजन सिद्ध झाले असे समजावे.