गुहेतली पोरं

१९७९ साली गॅरी गायगॅक्सने 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' नावाचं एक साहस लिहिलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नव्याने शिकणाऱ्यांच्या खोक्यातच ते मिळायचं, त्यामुळे कित्येकांच्या खेळाची सुरुवात त्यानेच झाली. सरहद्दीवर माणसांचा किल्ला, जवळ एक घळ, घळीत गुहा. एका गुहेत कोबोल्ड, दुसरीत ऑर्क, तिसरीत गॉब्लिन. आत शिरायचं, मारायचं, सोनं घेऊन किल्ल्यात परतायचं. या गुहांचं वर्णन करताना गायगॅक्स एक हिशोब नेमाने देतो: टोळीत पुरुष किती, बायका किती, पोरं किती. कोबोल्डांची पोरं हल्ला करत नाहीत, असंही तो नोंदवतो.

त्या पोरांचं खेळाडूंनी काय करायचं, हे मात्र तो सांगत नाही.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होतो आणि जग उभं करतो, बाकीचे एकेका पात्राच्या भूमिकेत शिरतात, आणि अडलेल्या जागी फासे निर्णय देतात. १९७४ साली सुरू झालेल्या या खेळाने पुढच्या बहुतेक फँटसी खेळांना व्याकरण पुरवलं. २०२३चा 'बाल्डर्स गेट ३' तुम्ही खेळला असाल, तर तुम्ही याच नियमांच्या जगात वावरला आहात. तिथल्या गॉब्लिनांच्या छावणीतही पोरं आहेत. पिंजऱ्यातल्या अस्वलाला ती दगड मारत असतात.

मी गेली काही वर्षं हा खेळ खेळते, आणि मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच एक तक्रार मांडते. कथेत राक्षस असायला माझी हरकत नाही. ज्याला भूक आणि नखं यांपलीकडे काही नाही, असा राक्षस खुशाल असावा. पण या खेळांनी ऑर्कला घर दिलं, भाषा दिली, देव दिला, सरदार दिला, पोरंबाळं दिली. म्हणजे त्यांनी एक समाज रचला. आणि मग त्या समाजाच्या नावापुढे, वजन-उंची लिहावी तितक्या सहजपणे, 'दुष्ट' असं लिहून टाकलं.

हे 'लिहून टाकलं' अगदी शब्दशः घ्या. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक नोंदीत अलाइनमेंटचा रकाना आहे, म्हणजे त्या जीवाचा नैतिक कल. ऑर्कच्या रकान्यात 'दुष्ट' आहे. अमुक एक ऑर्क किंवा अमुक एक टोळी नव्हे, ऑर्क म्हणजे दुष्टच. पुढे २०१६च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स'मध्ये ऑर्कचं पात्र घेऊन खेळायची सोय झाली, तेव्हा नियम असा होता की ताकदीत दोन गुण वाढवा आणि बुद्धीत दोन कमी करा. हा वजाबाकीचा नियम २०२०मध्ये काढून टाकला गेला. कादंबरीत एखादं पात्र म्हणतं, 'ही जात मंद आहे,' तेव्हा ते त्या पात्राचं मत असतं, आपण त्याच्याशी भांडू शकतो. खेळात तेच मत नियम होऊन येतं. फासा टाकला की ते खरं ठरतं. पूर्वग्रहाला गणिताचा आधार देणं, ही या माध्यमाची खास ताकद आहे आणि खास धोकाही.

हे आलं कुठून? ऑर्क आले टोल्किनकडून. १९५८च्या एका पत्रात टोल्किन ऑर्कांच्या चेहरेपट्टीचं वर्णन करताना मंगोल चेहऱ्यांचा दाखला देतो, तोही युरोपीय डोळ्यांना ज्या कुरूप वाटतील अशा चेहऱ्यांचा. पण जन्मानेच दुष्ट असलेला, तरीही बोलणारा, विचार करणारा समाज असू शकतो का, या प्रश्नाने टोल्किन अखेरपर्यंत अस्वस्थ होता. त्याने ऑर्कांच्या उगमाची उत्तरं पुन्हा पुन्हा बदलली. खेळाने टोल्किनकडून ऑर्क उचलले, अस्वस्थता मागेच ठेवली.

गायगॅक्सला पुढे, २००५ साली, चाहत्यांनी याच स्वरूपाचे प्रश्न विचारले: धर्मनिष्ठ योद्धा शरण आलेल्यांना मारू शकतो का? नि:शस्त्रांचं काय? त्याने समर्थन केलं, आणि लिखांच्याच पुढे उवा होतात, या अर्थाच्या जुन्या म्हणीचा आधार घेतला. ती म्हण कर्नल चिव्हिंग्टनच्या नावाशी जोडलेली आहे, याचा उल्लेखही त्याने स्वतःच केला. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतल्या सँड क्रीक इथे शायेन आणि अरापाहो लोकांची कत्तल झाली, ती या चिव्हिंग्टनच्या हुकमाने. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. म्हणजे सरहद्दीवरचा किल्ला आणि गुहेतली पोरं हा निव्वळ कल्पनेचा खेळ राहत नाही. अमेरिकेच्या इतिहासातलं ते एक ओळखीचं दृश्य आहे, फक्त एका बाजूला सुळे लावलेले आहेत.

आपणही या यादीत आहोत. त्याच १९७७च्या पुस्तकात 'राक्षस' अशी नोंद आहे: वाघाच्या तोंडाचा, ऐटबाज कपड्यांतला, पाइप ओढणारा, माणसांना फसवून खाणारा. चित्र झकास आहे. पण हिडिंबेशी लग्न करणारा भीम, त्यांचा घटोत्कच, बिभीषण, वेदज्ञ रावण, यातलं काहीही त्या नोंदीत शिरलेलं नाही. आपल्या कथांमध्ये राक्षसांशी सोयरिकी होतात, वादविवाद होतात, युद्धात ते दोन्ही बाजूंना असतात. रकान्यात एवढं मावत नाही.

आणि मराठीत तर अशी यादी उलटी वाचण्याचं काम १८७३मध्येच झालेलं आहे. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त दशावताराच्या कथा पराभूतांच्या बाजूने वाचल्या. बळी हा न्यायी राजा, राक्षस म्हणजे मुळात रक्षक, खंडोबा-म्हसोबा हे बळीच्या राज्यातले अधिकारी. त्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना पटोत न पटोत, वाचनाची रीत मोलाची आहे: एखाद्या समाजाला राक्षस म्हटलेलं दिसलं, की आधी विचारायचं, हे कोण लिहितंय आणि जमीन कोणाकडे गेली? गुहेतल्या कोबोल्डांबद्दल हाच प्रश्न विचारून बघा. घळीत आधी कोण राहत होतं आणि किल्ला नंतर कोणी बांधला, यावर साहसाचा अर्थ फिरतो.

गेल्या काही वर्षांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनाही हे टोचू लागलं. २०२०मध्ये त्यांनी सुधारणा जाहीर केल्या. तरीही २०२२मध्ये 'स्पेलजॅमर'च्या नव्या आवृत्तीत हॅडोझी नावाचे माकडासारखे लोक आले, ज्यांना एका जादूगाराने पकडून, औषध पाजून हुशार केलं होतं, गुलाम म्हणून विकण्यासाठी. गहजब झाला, कंपनीने माफी मागितली आणि तो मजकूर काढला. २०२४च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये 'रेस'च्या जागी 'स्पीशीज' हा शब्द आला, ऑर्क सन्मानाने खेळाडूंच्या यादीत बसले, आणि कोणत्याही जमातीला बुद्धीचे वा ताकदीचे गुण जन्माने मिळेनासे झाले.

वजाबाकी गेली हे चांगलंच झालं. पण नवं पुस्तक वाचताना मला एक पोकळी जाणवते. पूर्वी ऑर्कांना एकच संस्कृती होती आणि ती वाईट होती. आता जवळजवळ काहीच नाही. अंधारात दिसतं, चिवटपणा आहे, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. चुकीचं काही बोललं जाऊ नये म्हणून बोलणंच आवरतं घेतलं आहे. सुळे असलेला माणूस, एवढाच ऑर्क उरतो. हे अपमानापेक्षा बरं, पण याला आदर म्हणता येणार नाही. आदर करायचा तर कुतूहल लागतं.

ते शक्य आहे, हे १९८२मध्येच दिसलं होतं. 'रूनक्वेस्ट' या खेळासाठी ग्रेग स्टॅफर्ड आणि सँडी पीटरसन यांनी 'ट्रोलपॅक' केलं. तिथले ट्रोल स्वतःला उझ म्हणवतात. जमिनीखालच्या काळोखात ते सुखाने नांदत होते. मग सूर्यदेव मारला गेला आणि पाताळात, नेमका त्यांच्याच घरात, आला. घर पोळून निघालं आणि त्यांना वर, परक्या जगात पळून यावं लागलं. आपल्यासाठी जो प्रकाश, तो त्यांच्यासाठी विस्थापन. पुढे एका शापामुळे त्यांच्या बायकांना दुबळी, खुजी पोरं होऊ लागली. या पोरांना ट्रोल गुलामासारखं राबवतात, प्रसंगी खातातही. म्हणजे लेखकांनी ट्रोलांना गोड केलेलं नाही. ते भयंकर आहेत, पण त्यांच्या भयंकरपणाला इतिहास आहे, त्यांच्या आयांना दुःख आहे. कीथ बेकरच्या २००४च्या 'एबेरॉन'मध्येही माणसं येण्याआधी त्या भूमीवर गॉब्लिनांचं साम्राज्य होतं, आणि परलोकातल्या आक्रमकांना अडवणारे ऑर्कच होते.

'अगं, खेळ आहे. दिवसभर दमून आल्यावर दोन ऑर्क मारू दे की,' असं माझे मित्र म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. सोपा शत्रू हवा असतो. मग तो करणीवरून ठरवा, जन्मावरून नको. गाव जाळणारी फौज असू दे, तिच्यात ऑर्क असोत नाहीतर माणसं. कबरीतून उठलेले सांगाडे असू देत, त्यांना पोरं नसतात. पण गुहेत पाळणा ठेवलात, तर दारात तलवार घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला तो दिसला पाहिजे, आणि त्याने काहीतरी ठरवलं पाहिजे. तो जे ठरवेल, तिथूनच खरं साहस सुरू होतं.