मुळाबरहुकूम म्हणजे काय? : ॲनिमे, मांगा आणि चाहत्याची नजर

मराठी वाचकाला माध्यमांतराची चर्चा नवी नाही. कादंबरीवर चित्रपट निघाला की 'कादंबरीच बरी होती' हा शेरा ठरलेला असतो आणि तो बहुधा चित्रपट पाहून परतताना मारला जातो. जपानी ॲनिमेचा चाहता मात्र हा हिशेब आधीपासूनच मांडून बसलेला असतो. नव्या मालिकेची घोषणा झाली की ती कोणता स्टुडिओ करणार, दिग्दर्शक कोण, मूळ मांगातली (म्हणजे जपानी चित्रकथेतली) किती प्रकरणे बारा भागांत बसवणार, अमुक एक पान पडद्यावर कसे हलेल, यावर प्रक्षेपणाच्या कितीतरी आधीपासून खल चालतो. कथेचा शेवट त्याला पाठ असतो. कोण मरणार हेही ठाऊक असते. म्हणजे ही उत्सुकता रहस्याची नव्हे. मग कशाची?

आपल्याकडे या उत्साहाची बोळवण पोराटोरांचे वेड किंवा बाजाराची करामत अशी केली जाते. दोन्ही गोष्टी त्यात आहेतच. पण त्यात वाचनाची एक शिस्तही आहे, आणि तिने गेल्या वीसेक वर्षांत ॲनिमेची घडण बदलली आहे. तो बदल सगळाच भल्यासाठी झाला असे मला वाटत नाही.

आधी माध्यमाविषयी थोडे. मांगात काळ वाचकाच्या हाती असतो. एका चौकटीवर तो क्षणभर थांबेल किंवा पाच मिनिटे; पान उलटण्याचा वेग त्याचा स्वतःचा. ॲनिमेत तो काळ दिग्दर्शकाच्या ताब्यात जातो. माध्यमांतराचा खरा व्यवहार हा, आणि जपानी दूरचित्रवाणीवर तो पहिल्यापासून टंचाईत झाला. ओसामू तेझुका यांनी १९६३ साली स्वतःच्याच मांगावरून 'अॅस्ट्रो बॉय' ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. म्हणून चित्रांची संख्या कमी केली, तीच चित्रे पुन्हा वापरली, स्थिर चित्र पडद्यावर ठेवून संवाद चालू ठेवला. ही काटकसर पुढे शैली झाली. चेहरा स्थिर, फक्त केस उडताहेत, आणि त्या पाच सेकंदांत सगळे घडते: ही ॲनिमेची ओळख चौकटीच्या स्थिरतेशी नाते सांगते. थोडक्यात, मांगा 'हलवायचा' म्हणजे काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. साप्ताहिकात मांगाचे एक प्रकरण येते, दूरचित्रवाणीच्या एका भागात दोन-तीन प्रकरणे खर्ची पडतात. मालिका लवकरच मुळाला गाठते. पूर्वी यावर तोड म्हणजे भरतीचे भाग. 'नारुतो'च्या पहिल्या मालिकेचे २२० भाग आहेत आणि त्यांतले शेवटचे ऐंशीच्या आसपास भाग जवळजवळ सगळे मांगाबाहेरचे. चाहते त्यावर चिडले यात नवल नाही. ते भाग बहुतांशी वाईटच होते.

पण मुळापासून दूर जाणे म्हणजे नेहमी भरतीच, असे मात्र नव्हे. याचा सर्वांत चांगला दाखला 'फुलमेटल अल्केमिस्ट'. हिरोमू अराकावा यांचा हा मांगा २००१ ते २०१० या काळात मासिकातून आला. मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहणारे दोन भाऊ, त्या प्रयत्नात एकाने गमावलेला हात-पाय आणि दुसऱ्याने गमावलेले अख्खे शरीर, ही त्याची सुरुवात. बोन्स या स्टुडिओने २००३ मध्ये त्यावर ५१ भागांची मालिका केली तेव्हा मूळ कथा निम्म्यावरही आली नव्हती. म्हणून अराकावांच्या संमतीने मालिकेने आपली वाट वेगळी केली आणि वेगळा शेवट गाठला. पुढे त्याच स्टुडिओने २००९-१० मध्ये 'ब्रदरहुड' या नावाने ६४ भागांत संपूर्ण मांगा मुळाबरहुकूम पुन्हा केला. एकाच स्टुडिओने, एकाच कथेचे, सहा वर्षांच्या अंतराने केलेले एक स्वैर आणि एक निष्ठावंत रूप. तुलनेच्या अभ्यासकाला यापेक्षा अधिक काय हवे? चाहत्यांचा कौल मात्र केव्हाच लागला आहे. वर्षानुवर्षे 'ब्रदरहुड' पसंतीच्या यादीत वर, आणि २००३ची मालिका 'ती चुकलेली'.

हा कौल तपासून पाहण्याजोगा आहे. कथेत ह्यूज नावाचा एक अधिकारी आहे: बडबड्या, मुलीचे फोटो दिसेल त्याला दाखवणारा. त्याचा खून होतो. मांगाच्या २७ खंडांपैकी हे चौथ्या खंडात घडते, 'ब्रदरहुड'मध्ये ६४ पैकी दहाव्या भागात. प्रमाण काढले तर दोन्हीकडे साधारण सातवा हिस्सा. मुळाशी इतकी इमानदारी दुर्मिळच. २००३च्या मालिकेत तोच मृत्यू २५व्या भागात येतो, म्हणजे जवळपास निम्म्यावर. आता हे पाहा. मासिकाच्या वाचकाने ह्यूजच्या मृत्यूपर्यंत कथेची सोबत वर्षभराहून अधिक केली होती. दर महिन्याला एक प्रकरण, मधले तीस दिवस वाट पाहणे. 'ब्रदरहुड'चा प्रेक्षक त्या मृत्यूला दहा आठवड्यांत पोचतो, आणि एका बैठकीत पाहणारा चार तासांत. पानांशी इमान राखताना त्या पानांमधला काळ सांडला. मुळाला सोडून गेलेल्या मालिकेने सहा महिने ह्यूजला आपल्या घरात वावरू दिले, आणि त्याच्या अंत्यविधीचा घाव मूळ वाचकाला जसा बसला असेल तसा तिथेच बसतो.

नीना या लहान मुलीचे प्रकरणही असेच. बाप तिच्यावर जो प्रयोग करतो तो 'ब्रदरहुड'मध्ये चौथ्याच भागात उरकतो. प्रेक्षकाने आधीची मालिका पाहिली आहे असे जणू गृहीत धरून. २००३मध्ये दोघे भाऊ तिच्या घरी राहून परीक्षेचा अभ्यास करतात, बर्फात तिच्याशी खेळतात, आणि मग सातव्या भागाची ती रात्र येते. हे राहणे मांगात नाही. आणखी एक बदल याहून धाडसी. मांगातले सात 'होमुन्क्युलस' ही एका खलपुरुषाने स्वतःतून काढून टाकलेली सात पापे आहेत. २००३च्या मालिकेत मेलेल्याला परत आणण्याच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नातून एक होमुन्क्युलस जन्मतो. त्यांतली एक या भावांच्याच हातून निर्माण झालेली, आईच्या चेहऱ्याची. शोकाला मान न तुकवण्याची किंमत समोर उभी राहते आणि तिच्याशी लढावे लागते. अराकावांची रचना अधिक बांधेसूद आहे, शेवट अधिक समाधान देणारा आहे, २००३ची मालिका उत्तरार्धात भरकटते, हे सगळे मान्य. तरी ही एक कल्पना मला मुळापेक्षा खोल वाटते. निष्ठावंत रूपांतराला ती सुचणेच शक्य नव्हते.

चाहत्यांचा कौल उद्योगाने ऐकला. आज बहुतेक मालिका बारा-तेरा भागांच्या तुकड्यांत येतात, मांगा पुढे सरकेपर्यंत थांबतात, आणि भरती नसते. चित्रपटाचे रूपही त्यातून पालटले. पूर्वी लोकप्रिय मालिकेवरचा चित्रपट म्हणजे सहसा बाजूची एक सुटी गोष्ट. कोयोहारू गोतोगे यांच्या 'डेमन स्लेयर'वर यूफोटेबल या स्टुडिओने केलेला 'मुगेन ट्रेन' ऑक्टोबर २०२०मध्ये आला तो थेट मालिकेचा पुढचा अध्याय म्हणून. सुरुवातीला ओळख नाही, शेवटी समारोप नाही. 'स्पिरिटेड अवे'ने १९ वर्षे राखलेला जपानमधील उत्पन्नाचा विक्रम त्याने मोडला आणि ४०,००० दशलक्ष येनचा टप्पा ओलांडला. पुढच्या वर्षी तोच चित्रपट कापून, एक नवा भाग जोडून, सात भागांत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. शिवण फारशी दिसली नाही. मला यात थोडी भीती वाटते. चित्रपट म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जबाबदारीच त्याने टाकून दिली होती. त्यातले युद्ध अप्रतिम आहे, हे खरेच. पण मामोरू ओशी यांनी मासामुने शिरो यांच्या थट्टेखोर मांगातून १९९५ साली 'घोस्ट इन द शेल' हा गंभीर, जवळजवळ ध्यानस्थ चित्रपट काढला, तशी मुभा आज कोणाला मिळेल?

आपल्याकडे हा प्रश्न बराच काळ उद्भवलाच नाही, कारण मूळ माहीत नव्हते. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर गुलझारांच्या शीर्षकगीतासह आलेले 'जंगल बुक' आज चाळिशीत असलेल्या पिढीला तोंडपाठ आहे. ती निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ची जपानी मालिका होती हे अनेकांना अजून ठाऊक नसते. किपलिंगचे सिवनीचे जंगल जपानमार्गे हिंदीत आले, आणि ते किपलिंगशी प्रामाणिक आहे का, असे कोणी विचारले नाही. त्या पिढीची मुले मात्र मांगा वाचून बसलेली आहेत. २०१९मध्ये माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात प्रदर्शित झाला त्यामागे इथल्या चाहत्यांची सह्यांची मोहीम होती. सप्टेंबर २०२५मध्ये 'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा मुंबईत पहाटेचे खेळ लागले. आपला मराठी चाहता हे जपानी, इंग्रजी किंवा हिंदीतून पाहतो आणि त्यावरची भांडणे मराठीत करतो. ती भांडणे आपल्या समीक्षेच्या कानावर फारशी येत नाहीत.

भांडणाची धार कुठवर जाते ते 'चेनसॉ मॅन'ने दाखवले. तात्सुकी फुजिमोतो यांचा हा मांगा ओबडधोबड, रक्ताळलेला, वात्रट. माप्पा स्टुडिओच्या २०२२च्या मालिकेत दिग्दर्शक र्यू नाकायामा यांनी त्याला प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या चित्रपटाचा संयत सूर दिला. जपानमधले बरेच चाहते संतापले. मालिका पुन्हा करा, अशी मागणीही झाली. २०२५चा पुढचा चित्रपट वेगळ्या दिग्दर्शकाने केला, आणि तो अधिक धसमुसळा, अधिक रंगीत, मांगाच्या जवळचा आहे. तो पाहताना मलाही मजा आली. पण त्या मालिकेच्या चौथ्या भागात आकी सकाळी उठतो, कॉफी करतो, एकटा बसून घोट घेतो, असा निवांत प्रसंग आहे. मांगात त्याला एवढी जागा नाही. लवकर मरण्याची शक्यता असलेल्या माणसाची सकाळ कशी असते ते त्या काही मिनिटांत कळते. चाहत्यांना तो सूर 'आमच्या' चेनसॉ मॅनचा वाटला नाही. 'आमच्या' हा शब्द येतो तिथे वाचनाची शिस्त सुटते आणि मालकी सुरू होते.

या मालकीचे टोक फुजिमोतोंच्याच दुसऱ्या कृतीत आहे, आणि तिचे माध्यमांतर मला या सगळ्या वादावरचे सर्वांत समंजस उत्तर वाटते. 'लुक बॅक' ही सुमारे १४० पानांची एकच कथा १९ जुलै २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. दोन वर्षे आणि एक दिवस आधी, १८ जुलै २०१९ला, क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओला एका माणसाने आग लावली होती आणि ३६ जणांचा जीव गेला होता. आपली कादंबरी स्टुडिओने चोरली असा त्याचा दावा होता. न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला. 'लुक बॅक'मध्येही चित्रकला महाविद्यालयावर असा हल्ला होतो. वाचकांनी धागा लगेच ओळखला. त्या पानांवरील संवादांबद्दल आक्षेप आले आणि ते नंतर बदलले गेले.

पण ही कथा आधी एका चाहतीची आहे. शाळेच्या वार्तापत्रात चार चौकटींच्या चित्रकथा काढणारी फुजिनो, आणि घराबाहेर न पडणारी, तिच्याहून सरस चित्रे काढणारी क्योमोतो. फुजिनो हार मानून चित्रे सोडून देते. शाळा संपते त्या दिवशी प्रमाणपत्र पोचवायला ती क्योमोतोच्या घरी जाते, तेव्हा ही मुलगी धावत बाहेर येते, तिला 'सेन्सेई' म्हणते आणि आपल्या जाकिटाच्या पाठीवर सही मागते. परतताना पाऊस. मांगात फुजिनोचे पावसातले चालणे काही निःशब्द पानांवर आहे आणि वाचक ती पाने हव्या तितक्या वेगाने उलटतो. कियोताका ओशियामा यांच्या २०२४च्या ५८ मिनिटांच्या चित्रपटात तिचे चालणे आधी साधे आहे, मग हात थोडे जास्त हलतात, पाय डबक्यात मुद्दाम पडतो, चालण्याची उडी होते, उडीचा वेडावाकडा नाच. ओशियामांनी नवा प्रसंग घातलेला नाही, संवाद वाढवलेला नाही. त्यांनी ठरवला तो काळ: हा आनंद अंगात चढायला किती वेळ लागतो. शिवाय चित्रकारांच्या मूळ रेषा घोटून गुळगुळीत न करता त्यांचा खरखरीतपणा पडद्यावर राहू दिला. कोणीतरी हाताने हे काढले आहे, हे प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही. मुळाबरहुकूम कशाला म्हणावे, याचा पत्ता मला त्या खरखरीतपणात लागतो. २००३च्या 'फुलमेटल'ने मूळ सोडून जे मिळवले, ते ओशियामा मूळ न सोडता मिळवतात. निष्ठा आणि स्वैरता या मापाने दोघांनाही मोजता येत नाही.

क्योमोतोला फुजिनोची चित्रे ज्या नजरेने दिसली तीच नजर चांगल्या चाहत्याला असते. एखाद्या मालिकेतला तीन सेकंदांचा तुकडा पाहून तो कोणत्या चित्रकाराच्या हातचा आहे हे ओळखणारे चाहते आहेत. धुराचा आकार, कापडाची सुरकुती, वळण घेतानाचा तोल यांवरून ते सांगतात. आपल्याकडे दोन सुरांत घराणे ओळखणारे श्रोते असत, त्यांचीच ही जात. असा चाहता कथेत काय बदलले हे विचारतोच, पण ते कोणी आणि कसे केले हेही विचारतो.

'लुक बॅक'च्या शेवटी फुजिनो खिडकीसमोर टेबलाशी बसून काम करते आहे. आपल्याला फक्त तिची पाठ दिसते. बाहेरचा उजेड हळूहळू उतरतो, आणि ज्यांनी हा चित्रपट काढला त्यांची नावे त्या पाठीवरून वर सरकत राहतात.